बार्बाडोसमध्ये ११ 'तालुके' आहेत पण तालुका ऑफिस एकही नाही? कोणी सांगेल का

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळाच आहे, इथं चालत नसेल तर ॲडमिननी उडवावा, राग नाही. माझ्या धाकट्याला बार्बाडोसला डॉक्टरकीला ॲडमिशन मिळालंय. आता कॉलेजचा फॉर्म, व्हिसाचा फॉर्म, घरभाड्याचा फॉर्म, गेले पंधरा दिवस कारखान्यात बसून नुसते फॉर्मच भरलालोय, लूमकडं बघायला वेळ नाही. तर प्रत्येक फॉर्ममध्ये पत्त्याच्या खाली एक रकाना आहे, 'पॅरिश'. मला वाटलं चर्च विचारलालेत, म्हणजे धर्म वगैरे, म्हणून एका फॉर्मवर 'हिंदू' लिहून मोकळा झालो. पोरगं हसून हसून लोळायला लागलं.

मग त्यानंच दाखवलं की तिकडं पॅरिश म्हणजे भाग आहेत देशाचे. मोजले तर बरोबर ११. सेंट मायकेल, क्राइस्ट चर्च, सेंट फिलिप, सेंट जॉर्ज, सेंट जॉन, सेंट जोसेफ, सेंट अँड्र्यू, सेंट थॉमस, सेंट जेम्स, सेंट पीटर, सेंट लूसी. आपल्या सोलापूर जिल्ह्याचे तालुके पण ११ च की. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत. म्हटलं झालं, पॅरिश म्हणजे तालुका, विषय संपला.

पण संपला नाही. पोराची खोली क्राइस्ट चर्च पॅरिशमध्ये आहे म्हणून मी तिथलं पॅरिश ऑफिस शोधायला लागलो, फोन नंबर लिहून ठेवावा म्हणून, परक्या देशात पोरगं राहणार, काही लागलं तर. तर ऑफिसच सापडेना. सभापती नाही, नगराध्यक्ष नाही, सरपंच नाही, तहसीलदार नाही. ब्रिजटाउन राजधानी आहे, तिथं महापौर असेल म्हणून बघितलं तर तो पण नाही. मग हे ११ भाग कशाला पाडलेत? आणि नळाला पाणी नाही आलं, कचरा नाही उचलला, तर माणसानं जायचं कुणाकडं? आपल्याकडं निदान झोन ऑफिसला जाऊन आवाज तरी करता येतो. नगरसेवकाच्या दारात जाऊन बसता येतं. (२०२२ नंतर कित्येक वर्षं तेही नव्हते म्हणा, पण माजी तर होते.)

कुणाला माहिती असेल तर सांगा. फेकाफेकी नको, पोराचा प्रश्न आहे.

कडक_भाकरी

मालक, आपल्याला बार्बाडोस म्हणजे एकच तारीख माहिती, २९ जून २०२४. केन्सिंग्टन ओव्हल, टी-२० वर्ल्ड कपची फायनल, सूर्याचा कॅच, आणि रात्री पार्क चौकात आपण. त्यानंतर बेरिल वादळ आलं आन् आपली अख्खी टीम हॉटेलातच अडकली होती तीन-चार दिवस, आठवतंय का. तवा महापौर नव्हता म्हणूनच अडकले असतील बे 😀

जोक सोडा, पोराचं अभिनंदन. शेंगाचटणी पाठवायची व्यवस्था काय करलालाव?

वर्षा_विजापूररोड_ते_ब्रिजटाउन

काका, मी तिथेच आहे! मूळची विजापूर रोडची, मिस्टरांच्या नोकरीमुळे सहा वर्षं झाली इकडे येऊन. अगदी हाच गोंधळ माझा पण झाला होता त्यामुळे सविस्तर लिहिते, भात लावलाय तोपर्यंत.

सरळ उत्तर: पॅरिशला ऑफिस नाहीच. असतं तर सापडलं असतं, तुम्ही बरोबर शोधलंत. बार्बाडोसमध्ये आज महापालिका, नगरपालिका, पंचायत यातलं काहीच नाही, निवडून येणारं सरकार एकच, देशाचं. पॅरिश आता फक्त पत्त्यात, नकाशात, आणि लोकांच्या बोलण्यात राहिलंय. आणि हो, गाडीच्या नंबरप्लेटवर. आपण एमएच १३ दिसलं की कसं लगेच 'आपला माणूस' म्हणतो तसं इथे खाजगी गाडीच्या नंबरात पहिलं अक्षर पॅरिशचं असतं, एम असेल तर सेंट मायकेल, एक्स असेल तर क्राइस्ट चर्च. तुमच्या मुलाच्या घरमालकाची गाडी एक्सची असणार, बघा.

मग कामं कोण करतं तर देशपातळीवरची खाती आणि मंडळं. पाणी म्हणजे बार्बाडोस वॉटर अथॉरिटी, अख्ख्या बेटाला एकच. कचरा म्हणजे सॅनिटेशन सर्व्हिस अथॉरिटी, तीही एकच. रस्ते थेट बांधकाम-वाहतूक मंत्रालयाकडे. घरपट्टीसारखा जो जमिनीवरचा कर आहे तो रेव्हेन्यू अथॉरिटीकडे भरायचा, म्हणजे इन्कम टॅक्स आणि घरपट्टी एकाच खिडकीत असं समजा, पण तो मालक भरतो, भाडेकरूला त्याचं काही नाही. दवाखाना म्हणजे सरकारी पॉलिक्लिनिक, आरोग्य खात्याची, आणि मोठं हॉस्पिटल ब्रिजटाउनला क्वीन एलिझाबेथ. बाग आणि बीचची देखभालसुद्धा एका राष्ट्रीय आयोगाकडे. लाइट तेवढी कंपनीची आहे, सरकारची नाही. त्यामुळे तुम्हाला क्राइस्ट चर्चचा नंबर नकोच आहे, ज्या त्या खात्याचा नंबर लिहून ठेवा, तो अख्ख्या देशात तोच चालतो.

हे ऐकायला विचित्र वाटतं पण देश केवढा ते बघा ना. ४३० चौरस किलोमीटर. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला तास-सव्वा तास, तोसुद्धा ट्रॅफिक लागलं तर. मी पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजींना विचारलं होतं की तुमच्याकडे कलेक्टर ऑफिस कुठे असतं, त्यांना प्रश्नच कळेना.

पत्त्याचं सांगायचं राहिलंच. इथे पत्ता म्हणजे घराचं किंवा प्लॉटचं नाव, मग वस्ती, मग पॅरिश, मग बीबीने सुरू होणारा पाच आकडी पिनकोड. बोळाला 'गॅप' म्हणतात. 'दुसऱ्या गॅपला डावीकडे' असं कुणी सांगितलं तर फट शोधत बसायला नको म्हणून सांगितलं. पॅरिश मात्र लिहायचंच, कारण एकाच नावाच्या वस्त्या दोन-तीन पॅरिशमध्ये असू शकतात, आपल्याकडे कसं वडगाव म्हटलं की कुठलं वडगाव विचारतात.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

वर्षाताई लई उपकार. पाणी रोज येतं का हो तिकडं? आमच्याकडं चार-पाच दिवसांआड असतंय तुम्हाला माहितीच आहे, पोराला बॅरल भरून ठेवायची सवय आहे, बॅरल घ्यायला सांगू का?

आन् अजून एक, ऑफिसच नाही तर पॅरिश नाव पडलं कसं आणि राहिलं कसं?

वर्षा_विजापूररोड_ते_ब्रिजटाउन

बॅरल नको काका 😄 नळाला रोज येतं. बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे, पाऊस झिरपतो आणि ते जमिनीखालचं पाणी उपसून देतात. उत्तरेकडे आणि उंचावरच्या वस्त्यांत कमी दाबाच्या तक्रारी असतात पण क्राइस्ट चर्चला एवढं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं रात्री लिहिते, भात लागला.

निवृत्त_कारकून_इंद्रभुवन

मी या धाग्यावर उगाच आलो होतो पण आता राहवत नाही. आयुष्यभर पालिकेच्या नोकरीत गेलं, त्यामुळे 'पालिकाच नाही' हे वाचून आधी बीपी वाढलं आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशोब मांडतो, तुम्हीच बघा.

बार्बाडोसची लोकसंख्या साधारण २ लाख ८० हजार. त्यांच्या संसदेत खालच्या सभागृहात ३० जागा. म्हणजे एका खासदारामागं साधारण ९,३०० माणसं. आता सोलापूर शहर घ्या. २०११ च्या जनगणनेला साडेनऊ लाख, आणि २०१७ च्या महापालिका निवडणुकीला नगरसेवक किती होते तर १०२. भागून बघा. ९,३०० च येतात!

मला दोनदा भागावं लागलं, विश्वास बसेना. म्हणजे आपण ज्याला तिकडचा खासदार म्हणतोय तो माणसांच्या हिशोबानं आपला नगरसेवक आहे. देश आपल्या शहराच्या एक तृतीयांश, आणि संसद आपल्या जनरल बॉडीच्या एक तृतीयांश. तिथला पंतप्रधान म्हणजे आपल्याकडच्या स्थायी समितीच्या सभापतीपेक्षा कमी लोकांचा कारभार बघतो, फक्त याच्याकडं पोलीस, परराष्ट्र खातं आणि चलन पण आहे.

त्यामुळं टॉवेलवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं की तिकडं महापालिका नाही असं नव्हे, तिकडं महापालिकाच देश झालीय. पोराला सांगा, अडलं तर त्या भागाच्या खासदाराचं ऑफिस शोध. पॅरिशचं शोधू नको, मतदारसंघाचं शोध. ११ पॅरिशमध्ये ३० मतदारसंघ आहेत, एकट्या सेंट मायकेलमध्ये ब्रिजटाउन धरून ११, क्राइस्ट चर्चमध्ये ५, आणि सेंट लूसी, सेंट जॉन असल्या छोट्यांना एकेकच.

पण मला हे पटलंय असं समजू नका. नगरसेवक आणि खासदार एकच माणूस असला की भांडायला दुसरं दार उरत नाही. आपल्याकडं आमदार एका पक्षाचा, वॉर्डातला नगरसेवक दुसऱ्या पक्षाचा, दोघं एकमेकांवर ढकलतात हे खरं, पण त्या ढकलाढकलीत कधीकधी आपला रस्ता होऊन जातो. तिकडं २०१८ साली निवडणूक झाली तेव्हा एकाच पक्षाला ३० पैकी ३० जागा मिळाल्या, २०२२ ला परत ३० पैकी ३०. महापालिका नाही, निवडून आलेला विरोधक नाही, मग खड्ड्यासाठी मोर्चा न्यायचा कुठं? वर्षाताईंनी सांगावं.

कडक_भाकरी

कारकून काका सॅल्यूट, ते ९,३०० चं भारी काढलंत राव. पण मी म्हणतो नगरसेवकच नसले तर काय बिघडलं? आपल्याकडं नव्हतेच की २०२२ पासून. प्रशासक होते. नळाला पाणी तेवढंच आलं, नगरसेवक असताना पण तेवढंच येत होतं. बार्बाडोस आपल्याच लाइनवर चाललंय म्हणायचं.

एमपीएससी_चौथा_अटेम्प्ट

भाकरी भाऊ, ती लाइन त्यांनी आपल्या आधी पकडलीय. हे मला वाचताना सापडलं आणि हसू आलं म्हणून सांगलालो. बार्बाडोसमध्ये १९५९ पासून तीन कौन्सिलं होती, ब्रिजटाउन शहराची एक, उत्तर भागाची एक, दक्षिण भागाची एक. देश स्वतंत्र झाला ३० नोव्हेंबर १९६६ ला. आणि १९६७ मध्ये लगेच तिन्ही कौन्सिलांचा कारभार काढून एका अंतरिम कमिशनरकडं दिला. अंतरिम. म्हणजे प्रशासकच की. १९६९ ला त्याचीही गरज संपली, खाती केंद्राकडं आणि मंडळांकडं वाटून टाकली, आणि निवडणूक परत कधीच झाली नाही. एवढ्याशा बेटाला दोन-दोन सरकारं कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. तात्पुरता प्रशासक म्हणून सुरू झालं ते पन्नास वर्षांवर गेलं. आपल्याकडं ७४ वी घटनादुरुस्ती आहे म्हणून, २४३-यू मध्ये पाच वर्षांची मुदत लिहिलीय म्हणून, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यात कितीही अडकलं तरी कोर्टात विचारायला काहीतरी कलम तरी आहे. तिथं असं कलमच नव्हतं, साधा कायदा करून विषय मिटला. (मेन्सला हा मुद्दा लिहायचा म्हणतोय, तुलनात्मक म्हणून, मार्क जातील का मिळतील देव जाणे.)

आणि शेजारच्या त्रिनिदादचं ऐका. तिथं आपल्यासारख्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन आहेत, १४. कौन्सिलरची मुदत तेव्हा तीन वर्षं होती. डिसेंबर २०१९ ला निवडून आले, मुदत संपत आली तसा सरकारनं कायदा बदलून मुदत चार वर्षं केली आणि आहेत त्यांनाच एक वर्ष वाढवून दिलं. एक नागरिक कोर्टात गेला. खालच्या कोर्टात हरला, वरच्या कोर्टात हरला, मग लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, त्यांचं अजून शेवटचं कोर्ट तेच आहे. १८ मे २०२३ ला निकाल आला, तीन विरुद्ध दोन न्यायाधीश, की तीन वर्षांसाठी मत दिलंय तर परस्पर चौथं वर्ष देता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निवडणूक घ्यावी लागली. एका वर्षासाठी माणूस लंडनला गेला, आपण किती वर्षं गप बसलो मोजा.

कॅरिबियनमध्ये एक सिस्टम नाहीच हे मुद्दाम लिहितोय कारण लोक सगळी बेटं एकच समजतात. अँटिग्वा घ्या (हो, हिरेवाला चोक्सी नागरिक झाला तेच, आणि व्हिव रिचर्ड्सचं गाव पण तेच). तिथं मुख्य बेटावर सहा पॅरिश, पण निवडून आलेली पालिका एकही नाही. आणि शेजारचं बारबुडा, जेमतेम दीड-दोन हजार वस्ती, कॉड्रिंग्टन नावाचं एकच गाव, त्याला मात्र १९७६ च्या कायद्यानं स्वतःची निवडून आलेली कौन्सिल! म्हणजे मोठ्याला नाही आणि धाकट्याला आहे. कारण बारबुडाची जमीन कुणा एकाच्या नावावर नसते, सगळ्या गावाची सामाईक, गुलामगिरी संपल्यापासूनची वहिवाट, २००७ ला तसा कायदा पण झाला. सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळानं घरं झोपवली, अख्खं गाव बोटीत घालून अँटिग्वाला नेलं, आणि लोक परत यायच्या आतच केंद्र सरकारनं तो जमिनीचा कायदा बदलायला घेतला. तेव्हापासून कौन्सिल विरुद्ध केंद्र असं भांडण चालू आहे. गावठाण आणि गायरानाची भांडणं ज्यांनी बघितलीत त्यांना वेगळं सांगायला नको.

नेव्हिसची कथा तर त्याच्या पुढची, सेंट किट्सपासून वेगळं व्हायचं म्हणून १९९८ ला सार्वमत घेतलं, ६२ टक्क्यांच्या आसपास 'हो' पडले, पण लागत होते दोन तृतीयांश. थोडक्यात राहिलं. डॉमिनिकात उलट गावोगाव व्हिलेज कौन्सिल आहेत, आणि मूळच्या कालिनागो लोकांचा वेगळा प्रदेश, त्यांची वेगळी कौन्सिल, निवडून आलेला प्रमुख. २०२३ ला त्याच कालिनागो समाजातली एक बाई देशाची राष्ट्रपती झाली, सिल्व्हानी बर्टन. बस, लई झालं, अभ्यासाला बसतो.

वर्षा_विजापूररोड_ते_ब्रिजटाउन

बापरे, मी भात खाऊन येईपर्यंत इथे अख्खा पेपर सोडवून झाला. एमपीएससी दादा, यावेळी नक्की निघेल तुमचं.

आता काकांचा पॅरिश नावाचा प्रश्न, आणि कारकून काकांचं 'मोर्चा कुठं न्यायचा'. दोन्ही मला एकच वाटतात म्हणून एकत्र लिहिते.

पॅरिश म्हणजे खरंच चर्चचे भाग होते, त्यामुळे काका तुम्ही 'हिंदू' लिहिलं ते साडेतीनशे वर्षं उशिरा बरोबर होतं. इंग्रज १६२७ ला येऊन वसले, १६२९ ला सहा पॅरिश पाडले, १६४५ ला ११ झाले, आणि ते ११ आजपर्यंत तसेच आहेत. प्रत्येक पॅरिशचा कारभार 'व्हेस्ट्री' बघायची. व्हेस्ट्री म्हणजे मुळात चर्चमधली पाद्र्याचे झगे ठेवायची खोली, तिथे बैठक बसायची म्हणून बैठकीलाच ते नाव पडलं, आपल्याकडे चावडीचं झालं तसं. पाद्री अध्यक्ष, आणि सभासद म्हणजे उसाच्या मळ्यांचे मालक नाहीतर व्यापारी. कर बसवायचे, चर्च सांभाळायचे, गरिबांना काय द्यायचं ते ठरवायचे, अनाथ-म्हाताऱ्यांसाठी अन्नछत्रासारखी घरं चालवायचे. वाचायला छान वाटतं. पण मत कुणाला, तर ज्याच्या नावावर जमीन-मालमत्ता त्याला.

आणि जमीन कुणाकडे होती? इथली जुनी लाकडी घरं बघायला मिळतील तुमच्या मुलाला, चॅटल हाउस म्हणतात. नीट बघितलं तर घर जमिनीत पुरलेलं नसतं, नुसत्या रचलेल्या दगडांवर बसवलेलं असतं, पाया नाहीच. कारण गुलामगिरी संपली तरी जमीन मळेवाल्याचीच राहिली, त्याने 'ऊठ' म्हटलं की फळ्या सोडवून घर गाडीवर घालून दुसरीकडे न्यायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रंगीत खिडक्यांचे फोटोच काढत बसले होते. आजींनी सांगितलं तेव्हा कळलं की ते घर तसं का आहे. त्यांच्या आईच्या लहानपणी घर दोनदा हललं होतं. आता ज्याचं घरच जमिनीवर नाही त्याला व्हेस्ट्रीत मत कुठून असणार.

१९३७ ला इथे मोठी दंगल झाली, उपासमार आणि बेकारी, त्यानंतर सगळं हळूहळू हलायला लागलं. १९५१ ला सगळ्या प्रौढांनी पहिल्यांदा मत दिलं, पण ते संसदेसाठी. व्हेस्ट्री जायला १९५९ उजाडलं. म्हणून कारकून काका, तुम्हाला पालिका गेली की बीपी वाढतं, पण इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात 'लोकल' म्हणजे पाद्री आणि मळेवाला, आणि 'संसद' म्हणजे आपलं मत. त्यांना ती कौन्सिलं गेल्याचं फारसं दुःख झालेलं मला तरी दिसलं नाही. सोलापूरचं उलट आहे ना, आपल्याकडे नगरपालिका १८५२ पासून, आणि ६ एप्रिल १९३० ला इंग्रजांच्या राज्यात तिच्यावरच तिरंगा लावला, शाळेत पाठ करून घेतलंय आमच्याकडून. आपल्याला पालिका म्हणजे आपली वाटते. यांना ती कधी आपली वाटायची संधीच मिळाली नाही, जेमतेम आठ-दहा वर्षं.

मोर्चाचं म्हणाल तर लोक मोर्चा काढत नाहीत, फोन करतात. रेडिओवर दुपारचा कॉल-इन कार्यक्रम असतो, अख्खा देश ऐकतो, तिथे फोन लावून गल्लीचं नाव घेऊन सांगायचं. खासदार दुकानात भेटतो, अंत्यविधीला तर हमखास भेटतो, इथे मयतीला खासदार नाही आला तर पुढच्या वेळी लोक लक्षात ठेवतात. (हे वाचून सोलापूरची आठवण येईल तुम्हाला.) २००९ मध्ये मतदारसंघ कौन्सिल नावाचा प्रकार आणला होता, ३० मतदारसंघांना ३०, पण त्यात सगळे नेमलेले, निवडून आलेलं कोणी नाही. त्याला मी पालिका म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र खरंच गल्लीपातळीची आहे आणि ती तुमच्या मुलाने पहिल्याच महिन्यात माहिती करून घ्यावी. प्रत्येक मतदारसंघात वादळासाठीची जिल्हा आपत्ती संघटना असते, सगळे स्वयंसेवक, शेजारपाजारचेच लोक. निवाऱ्याची शाळा कुठली, एकटे म्हातारे कोण, हे त्यांच्याकडे असतं. २०२१ ला एल्सा आलं, १९५५ च्या जॅनेटनंतर पहिल्यांदाच थेट चक्रीवादळ, कित्येकांची छपरं गेली, आणि २०२४ ला बेरिल, भाकरी दादा म्हणतात ते. ते दक्षिणेकडून गेलं पण ब्रिजटाउनच्या बंदरात मासेमारीच्या होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या. आम्ही घरात टबात पाणी भरून बसलो होतो. हं, म्हणजे काका, जून ते नोव्हेंबर बॅरल लागेलच एक. शब्द मागे घेते.

निवृत्त_कारकून_इंद्रभुवन

वर्षाताई, चॅटल हाउसचं वाचून गप्प झालो. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण तो सोलापुरात बसून मांडलेला मुद्दा आहे हे मान्य.

एकच विचारतो, सवयीनं. व्हेस्ट्री १९५९ ला बंद झाल्या, तर तीनशे वर्षांची दप्तरं कुठं गेली? बाप्तिस्म्याच्या नोंदी, कराच्या वह्या, बैठकांची इतिवृत्तं? आमच्याकडं जुनं दप्तर तांबड्या रुमालात बांधून रेकॉर्ड रूमला जायचं आणि तिथल्या शिपायालाच फक्त माहिती असायचं कुठला रुमाल कुठल्या फळीवर. तो रिटायर झाला तेव्हा त्याला निरोप समारंभाला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावून घेतलं.

वर्षा_विजापूररोड_ते_ब्रिजटाउन

सेंट मायकेलमध्ये ब्लॅक रॉकला राष्ट्रीय अभिलेखागार आहे काका, पूर्वीच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याच्या आवारात. चर्चच्या जुन्या नोंदी तिथे बघायला मिळतात, अमेरिकेतून लोक आपले पूर्वज शोधायला येतात, गुलामांच्या नोंदींसाठी विशेष. पण २०२४ च्या जूनमध्ये, ती मॅच झाली त्याच्या थोडेच दिवस आधी, तिथे वीज पडून एका इमारतीला आग लागली. जुनी कागदं गेली त्यात. आजी दोन दिवस काही बोलल्या नाहीत.

निवृत्त_कारकून_इंद्रभुवन

अरेरे.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार. सगळे फॉर्म परत भरले. पॅरिश, क्राइस्ट चर्च. 'हिंदू'वाला फॉर्म कॉलेजला गेलाच होता, त्यांचा मेल आला की 'कृपया पॅरिश तपासा', पोरानं दुरुस्त करून पाठवला.

वॉटर अथॉरिटी, कचरेवाले, पॉलिक्लिनिक आणि त्या भागाच्या खासदाराचं ऑफिस, असे चार नंबर डायरीत लिहून दिलेत. आपत्तीवाल्यांचा पाचवा वर्षाताई तुम्ही द्या. मंडळी म्हणते सगळ्यात वर वर्षाताईंचाच लिही, बाकीचे खाली.

भाकरी भाऊ, चटणी दोन किलो चाललीय, एक किलो वर्षाताईंची.